बाहेर जेवायचे, तर कुणाकडे?

प्रश्न : महिन्यातून एक-दोनदा आम्ही सहकुटुंब बाहेर जेवायला जातो. मुलांचा ओढा मॉलमधल्या, देशभर शाखा असलेल्या उपाहारगृहांकडे असतो. माझा आग्रह मात्र असा, की ज्याच्या गल्ल्यावर मालक स्वतः बसतो अशा जवळच्या हॉटेलात जावे. मुले म्हणतात, की साखळीतल्या ठिकाणी स्वच्छतेची खात्री असते आणि तुमचा आग्रह निव्वळ भावनिक आहे. तो तसा आहे का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही, पण त्यामागचे कारण नेमके करून घ्यावे लागेल. साखळी ती परकी आणि कोपऱ्यावरचे हॉटेल ते आपले, असा सरळ हिशेब मुंबईत लागत नाही. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणारी वेस्टलाइफ ही कंपनी मुंबईचीच आहे. उलट धोबी तलावचे १९०४ सालचे कयानी हे उपाहारगृह इराण्यांनी उभे केले, तर माटुंग्याची जुनी उडुपी हॉटेले कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेल्या मंडळींनी. तेव्हा मालकाचे मूळ गाव न विचारता, निर्णय कुठे होतात हे पाहावे. साखळीत पदार्थांची यादी, मसाल्याचे प्रमाण, पुरवठादार हे सारे मुख्यालयात ठरते, आणि शाखा फ्रँचायझीची असेल तर विक्रीतला ठरावीक हिस्सा सहसा रॉयल्टी म्हणून वर जातो. दादरच्या ‘प्रकाश’मधला साबुदाणावडा आणि पियूष किंवा ‘आस्वाद’ची मिसळ यांची चव मात्र तिथेच ठरते, काही बिघडले तर ते ज्याला सांगायचे तो माणूसही बहुधा हाकेच्या अंतरावर असतो, आणि रोजची भाजी, दूध, पाव शक्यतो आसपासच्याच व्यापाऱ्यांकडून येत असल्याने आपल्या बिलातला काही भाग त्याच वस्तीत फिरत राहतो. लहान हॉटेलात कामगारांना पगार अधिक मिळतो, असे मात्र मी म्हणणार नाही. ते मालकागणिक बदलते.

स्वच्छतेबाबत मुलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. साखळीत ठरवून दिलेली कार्यपद्धती आणि अंतर्गत तपासणी असते, लहान ठिकाणी सारे मालकाच्या शिस्तीवर अवलंबून असते. पण ती शिस्त या शहराला नवी नाही. दादरच्या ‘मामा काणे’ या १९१० सालच्या हॉटेलाच्या नावातच ‘स्वच्छ उपाहारगृह’ असे शब्द आहेत. शिवाय अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी दोघांनाही बंधनकारक असून, तिचा १४ अंकी क्रमांक जानेवारी २०२२पासून बिलावर छापावा लागतो. तो नसेल तर विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर खुशाल दुसरीकडे जावे. एका बाबतीत साखळी निश्चित पुढे आहे : दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असणाऱ्यांना पदार्थांतील कॅलरी दाखवाव्या लागतात, लहान हॉटेलांवर सहसा ते बंधन नसते.

बिलाकडे मात्र आपुलकीने पाहू नये. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या ज्या हॉटेलांनी जीएसटीची ‘कंपोझिशन’ योजना (उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरण्याची) घेतली आहे, त्यांना ग्राहकाकडून तो कर वेगळा घेता येत नाही. तरीही पाच टक्के लावलेले दिसले, तर मालक कितीही ओळखीचा असो, हरकत घ्यावी. सेवाशुल्क न विचारता बिलात घालू नये, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा २०२२चा निर्देश दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये उचलून धरला असून तो मॉलला आणि गल्लीला सारखाच लागू आहे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. त्याच जवळच्या हॉटेलातून घरपोच मागवताना आपण अॅप वापरत असाल, तर बिलातला मोठा हिस्सा दलाली म्हणून मालकाच्या हातून जातो. चालत जाण्याइतके अंतर असेल तर फोनवर सांगून डबा स्वतः आणावा. आणायला मुलांनाच पाठवले तर उत्तम, म्हणजे स्वयंपाकघर कसे आहे ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.