वायंगणातल्या 'चिमण्या' आणि माझे नऊ हजारांचे जाळे

दिवसभर राखण करूनही वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भातपिकाच्या, लोंब्या पोपट आणि 'चिमण्या' रिकाम्या करतात, म्हणून आता पोपटांसाठी जाळेच घालणार, असे आपण लिहिले आहे. ते वाचताना चार वर्षांपूर्वी गोव्यात पेडण्यातील माझ्या अर्ध्या एकराच्या शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, मी असाच हताश उभा होतो, ते आठवले. बुजगावणे, डबे आणि फटाके यांविषयी काही लिहीत नाही. ते सारे करून आपण थकला असालच. मी कृषितज्ज्ञ नाही. जे लिहितो आहे ते केवळ स्वतःच्या शेतातील अनुभवावरून, तेव्हा ते तेवढ्याच बेताने घ्यावे.

माझी चूक अशी झाली की, ओरडणारा तोच चोर असे मी धरून चाललो. संध्याकाळी पोपटांचा थवा किंचाळत शेतावरून जाई आणि दोन-चार पोपट लोंब्या तोडूनही नेत, म्हणून सगळा दोष मी त्यांच्या माथी मारला. बाजारातून दोन इंच घराचे (म्हणजे छिद्राचे) नायलॉनचे जाळे आणले, बांबू रोवून ते शेतभर ताणले आणि मजुरीसह नऊ हजार रुपये घालवले. दुसऱ्या दिवशी उजाडताना जाऊन पाहतो तो जाळ्याच्या आत तीस-चाळीस लहानसे पक्षी निवांत दाणे टिपत बसलेले. शरीर आवळून ते त्या घरांतून सहज आत-बाहेर करत होते. एरवी शिक्रा हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की थवा भर्रकन उडून जाई. आता शिकऱ्याला आत येता येत नव्हते. म्हणजे चोरांना संरक्षण मी स्वतःच्या खर्चाने पुरवले होते! शिवाय मधोमध झोळ पडून जाळे लोंब्यांना टेकले, त्यामुळे काही पक्षी वर बसूनच दाणे खाऊ लागले. एक कोतवाल पक्षी पाय अडकून उलटा लटकत होता. त्याला कात्रीने सोडवताना मला माझीच लाज वाटली.

म्हणून खर्च करण्यापूर्वी पक्ष्याकडे पाहण्याआधी लोंबीकडे पाहा. पोपट लोंबी देठापासून तोडतो, थोडी खातो आणि उरलेली टाकून देतो, त्यामुळे अर्धवट लोंब्या मेरेवर किंवा झाडाखाली पडलेल्या सापडतात. मनोली, म्हणजे मुनिया, ताटावरच, म्हणजे भाताच्या उभ्या दांड्यावर, बसून दाणा फोडते. लोंबी जागेवर राहते, पण हातात घेतली तर हलकी लागते आणि तिच्यावर चेपलेली, फुटलेली टरफले दिसतात. ताट बुंध्याजवळ तिरपे कापलेले असेल तर तो उंदराचा उद्योग समजावा. त्यात पक्ष्यांचा काहीही दोष नाही. आपण ज्यांना सरसकट 'चिमण्या' म्हणता, त्यांत मनोली आणि सुगरण यांची सरमिसळ असण्याची शक्यता मला अधिक वाटते. सुगरणीचा नर पिवळ्या डोक्याने ओळखता येतो हे खरे, पण तो थाट पावसाळ्यातील विणीपुरता असतो. वायंगण पिकते त्या दिवसांत नर-मादी दोन्ही चिमणीच्या मादीसारखीच मातकट दिसतात. जाड, शंकूच्या आकाराची चोच मात्र लपत नाही.

मनोलीला जाळ्याने अडवायचे असेल तर घर पाऊण इंचापेक्षा लहान हवे, आणि तसे जाळे सबंध शेतावर घालणे बहुतेकांना परवडत नाही. रोपवाटिका किंवा बियाण्यासाठी राखलेला तुकडा यांपुरतेच ते घालावे. बाकी शेतासाठी मला उपयोगी पडली ती एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी असलेली चकाकणारी फीत. लोंब्यांच्या हातभर वर, दर तीन ते पाच मीटरवर, पीळ देऊन ती बांधली की ऊन पडल्यावर चमकते आणि वाऱ्यात घरघरते. ती दाणा दुधात येण्याच्या, म्हणजे कोवळ्या दाण्यात पांढरा चीक भरण्याच्या, दोन-तीन दिवस आधी बांधावी, कारण थव्याला चव लागल्यावर बांधलेल्या फितीची भीती त्याला फारशी राहत नाही. आणि साधारण दोन आठवड्यांत पक्षी तिलाही सरावतात. राखणीला माणूस एकच असेल तर त्याला पहाटेनंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तास द्यावा. भर दुपारी डबे बडवून घसा आणि डबा दोन्ही फोडण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांबरोबर एकाच आठवड्यात लावणी केली तर नुकसान साऱ्या शेतांत वाटले जाते; आधी किंवा उशिरा पिकणाऱ्या एकट्या शेतावर सारा थवा तुटून पडतो.

भरपाईसाठी मी एका कार्यालयात गेलो होतो, त्याचे नाव घेत नाही. अर्जात 'पक्षी' लिहिले तर नेमका कोणता पक्षी ते विचारले, 'मनोली' लिहिले तर ती यादीत नाही म्हणाले. पाहणीला माणूस आला तेव्हा कापणी होऊन शेतात गुरे चरत होती. तेव्हा अर्ज करायचाच असेल तर कापणीपूर्वी लोंब्यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत. विष किंवा चिकट सापळा यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. पोपट, मनोली, सुगरण या पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे.

आपण म्हापशाच्या फ्लॅटमधील कबुतरांचाही उल्लेख केला आहे. माझे ते दोन इंची जाळे शेवटी कबुतरांसाठीच, माझ्या भावाच्या फ्लॅटच्या डक्टवर, कामी आले, कारण कबुतरासाठी तेच माप योग्य असते. लावण्यापूर्वी घरटे आहे का ते पाहावे. अंडी उबायला सुमारे अठरा दिवस आणि पिल्लू उडायला साधारण महिना लागतो, तेवढे थांबावे. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. मास्क लावून, पाणी मारून ओली केल्यावरच खरवडावी, कारण तिची धूळ फुप्फुसांना बाधते. भावाच्या जाळ्याची खालची कड एसीच्या मागे वीतभर सुटी राहिली होती आणि आठवडाभरात त्याच फटीतून कबुतरांची एक जोडी आत येऊन काड्या जमवू लागली, तेव्हा खालची कड आधी बांधून घ्या.