वाचकांचे प्रश्न : फार्मासिस्ट व्हायचंय, पण गणिताची धास्ती

प्रश्न : मला रसायनशास्त्र आवडतं, गणित मात्र जेमतेम. फार्मासिस्ट होणं जमेल का? आणि डॉक्टरांनी लिहिलेलं औषध काढून देण्यात शिकण्यासारखं नेमकं काय असतं?

उत्तर : काउंटरवरच्या रोजच्या हिशेबाला त्रैराशिक पुरतं. घात होतो तो एककात आणि दशांश चिन्हात. १२ किलो वजनाच्या मुलाला पॅरासिटॅमॉल द्यायचंय असं समजा. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळचा डोस १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ७.५ मिलिलिटर द्यायचं. २५० मिलिग्रॅमवालं असेल तर फक्त ३.६. नाव तेच, बाटली जवळपास तशीच. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं, तर डोस दुपटीच्या वर जातो. म्हणून ‘दीड चमचा’ असं तोंडी सांगून मोकळं व्हायचं नाही. मापाची पिचकारी हातात घेऊन कोणत्या रेघेपर्यंत भरायचं ते दाखवायचं. लिहितानाही ‘.५’ नको, ‘०.५’ लिहा, ‘५.०’ नको, नुसतं ‘५’. टिंब पुसट झालं की डोस दहापट झालाच.

आता दुसरा भाग. चिठ्ठीत लिहिलेलं बरोबर आहे ना, हे पाहणं हेच खरं काम; फळीवरून डबा कुणीही काढेल. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतात. चिठ्ठीवर ‘रोज’ पडलं आणि कुणी हटकलं नाही, तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं. वॉरफेरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, चालू असलेला माणूस अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन मागतो, तेव्हा रक्तस्रावाचा धोका त्याला ठाऊक नसतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं आहे याची कल्पना नसते. त्यामुळे आणखी कोणती औषधं चालू आहेत आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे दोन प्रश्न रांग कितीही लांब असली तरी सोडायचे नाहीत. शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा. अंदाजाने अक्षर लावायचं नाही.

प्रश्न : मी फारशी बोलकी नाही. मग औषध कारखान्यात जावं का?

उत्तर : जाता येईल. गुणवत्ता तपासणीत गोळ्यांचं वजन सारखं आहे का, गोळी ठरलेल्या वेळात विरघळते का, हे पाहावं लागतं. तिथे बोलणं कमी. पण नोंदी काटेकोर हव्यात, आणि ज्याची नोंद नाही ते झालंच नाही असं धरतात. तरीही काउंटरवर एकदा उमेदवारी करून पाहा. तिथलं बोलणं ठरावीक असतं, सवयीने येतं. विसराळूपणा मात्र दोन्हीकडे खपत नाही. परदेशात काम करायचा विचार असेल, तर प्रवेशाआधीच त्या देशाची नोंदणीची अट वाचा. नुसत्या पदवीवर सगळीकडे परवाना मिळत नाही, बऱ्याच ठिकाणी वेगळी परीक्षा द्यावी लागते.