कर्ता कुठे आहे?

‘पद स्वतःहून मागितलं तर मी हावरट दिसेन का?’ हा प्रश्न मला नोकरी करणाऱ्या बायका नेहमी विचारतात. माधवीनेही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) तोच विचारला होता. ती पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेत 14 वर्षं संपादनाचं काम करत होती. त्या वर्षी दिवाळी अंकाच्या कार्यकारी संपादकाची जागा रिकामी झाली आणि ती तिच्याच हाताखाली प्रुफं वाचायला शिकलेल्या मुलाला द्यायचं घाटत होतं. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती.

“मॅडम, काम दिसतं ना सगळ्यांना. मी कशाला बोलू?” असं म्हणून तिने एक दाखलाही दिला. विद्याताई बाळ 1964 साली ‘स्त्री’ मासिकात आल्या आणि संपादक झाल्या 1983 साली. “एकोणीस वर्षं! मग मीही धीर धरायला हवा.” मी म्हटलं, त्याच विद्याताईंनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक स्वतः सुरू केलं, तेही लक्षात ठेव. ती गप्प झाली.

मग मी तिला मागच्या वर्षीच्या अंकात काय काय केलंस ते लिहून आणायला सांगितलं. तिने सुवाच्य अक्षरात पानभर लिहून आणलं. ‘जूनमध्ये लेखकांना पत्रं गेली. दोन कथा उशिरा आल्या, त्या बसवल्या गेल्या. मुखपृष्ठ ऐन वेळी बदलावं लागलं. गणपतीनंतर शेवटचा फर्मा छपाईला गेला. अंक वेळेत निघाला.’

मी तिच्या हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, “एखाद्या नवख्या लेखकाची कॉपी समज आणि तपास.” तिने सवयीने पहिल्या ओळीवर पेन टेकवलं आणि तिथेच थांबली. मग हळूच म्हणाली, “यात कर्ताच नाही.” ‘पत्रं गेली’ खोडून तिने ‘मी 32 लेखकांना पत्रं लिहिली’ असं केलं. ‘बसवल्या गेल्या’ खोडून ‘मी दोन रात्री जागून बसवल्या’. पाचव्या वाक्यापाशी तिचे डोळे भरून आले. पान लाल झालं होतं. मला आजही ते पान आठवतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती बोलली नाही म्हणून तिला डावललं, असं मी मानत नाही. 14 वर्षांचं काम पाहायला मालकांना डोळे होते. बोलणारी बाई ‘आगाऊ’ ठरते, ही तिची भीतीही खोटी नव्हती. म्हणून ‘आत्मविश्वास ठेव’ एवढं सांगून मी तिला पाठवलं नाही. तिला काय ऐकावं लागेल, त्याची आम्ही तयारी केली. मी मालक झाले आणि म्हटलं, “अगं, तू तर घरचीच आहेस, तुला पदाचं काय?” पहिल्यांदा ती हसून विषय सोडून मोकळी झाली. चौथ्यांदा म्हणाली, “घरची आहे, म्हणूनच घरात माझं नाव हवं.” ते उत्तर तिचं तिनेच शोधलं.

आम्ही मागण्याही ठरवल्या. श्रेयनामावलीत ‘संपादन साहाय्य’ऐवजी ‘कार्यकारी संपादक’, पगारात वाढ आणि लेखकांच्या मानधनाचा निर्णय तिच्याकडे. तिन्ही एका कागदावर, वर तारीख.

भेट वीस मिनिटांत संपली. पद मिळालं. मानधनाचा निर्णय तिने आणि मालकांनी मिळून घ्यायचा ठरला. पगाराचं ‘दिवाळीनंतर बघू’. त्यावर तिने विचारलं, “दिवाळीनंतर म्हणजे कोणत्या तारखेला?” आणि मिळालेली तारीख त्यांच्यासमोरच कागदावर लिहून घेतली. तो मुलगा आठवडाभर फुरंगटला, मग प्रुफं घेऊन नेहमीसारखा तिच्या टेबलाशी आला.

ठरलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. पोटात गोळा आला होता. मी विचारलं, पहिलं वाक्य काय बोलणार आहेस? तिने ते ‘मी’पासून सुरू केलं.