जन्मानंतर निरोगी बाळाचं हृदय कसं वाढतं?

नवजात बाळाचं हृदय साधारण 20 ते 25 ग्रॅमचं असतं आणि पहिल्या वर्षात ते जवळपास दुप्पट होतं. पण वजनापेक्षा महत्त्वाचा बदल आतला आहे.

गर्भात फुप्फुसं बंद असल्यामुळे उजवी जवनिका (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) बहुतेक रक्त धमनी-वाहिनीतून (फुप्फुसाची धमनी आणि शरीराची मुख्य धमनी जोडणारी नळी) थेट शरीराकडे ढकलते. म्हणून जन्मावेळी या जवनिकेची भिंत डावीइतकीच, कधी जास्तही जाड असते. पहिल्या श्वासानंतर फुप्फुसांतला दाब उतरू लागतो, ती वाहिनी बहुधा 2-3 दिवसांत मिटते आणि शरीराला रक्त पुरवण्याचा सगळा भार डाव्या जवनिकेवर येतो. भार वाढला की स्नायू वाढतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत डावी बाजू झपाट्याने जाड होते. नव्या स्नायूपेशी तयार होणं लवकरच खूप मंदावतं; पुढची वाढ मुख्यतः असलेल्या पेशी मोठ्या होऊन होते.

म्हणूनच नवजाताच्या ईसीजीत उजवीकडचा जोर दिसतो. तो दिसणं, एक्स-रेत हृदय छातीच्या निम्म्याहून थोडं रुंद वाटणं, मिनिटाला 120-160 ठोके पडणं हे सगळं नॉर्मल आहे. घाबरू नका.

मात्र फुप्फुसांतला दाब पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे जवनिकांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर त्याचा आवाज पहिल्या दिवशी अनेकदा ऐकूही येत नाही. दीड महिन्याच्या लसीकरणाला डॉक्टरांकडून छाती पुन्हा तपासून घ्याच. दूध पिताना घाम येणं, धाप लागून मध्येच थांबणं, वजन न वाढणं दिसलं तर त्याआधीच जा. ओठ-जीभ निळी पडली तर लगेच रुग्णालय गाठा.