वाचकांचे प्रश्न : पियानो-व्हायोलिनची छापील नोटेशन्स

प्रश्न : मुलगी ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकते. बाईंनी बेथोव्हेनचं ‘फ्युर एलिझ’ आणायला सांगितलंय. नेटवर एक दोन पानी प्रत मिळाली, एक चार पानी. कोणती छापू? – एक पालक, जळगाव

उत्तर : दोन पानी प्रत बहुधा छाटलेली असते, सुरुवातीची धून ठेवून मधले भाग उडवलेले. पूर्ण रचनेत या धुनेनंतर एफ मेजरचा भाग येतो आणि पुढे डाव्या हातात एकच ‘ए’ सलग वाजत राहतो असा दुसरा. हे दोन्ही दिसले की प्रत पूर्ण. अगदी नवशिक्यांना छाटलेलीही चालते, फक्त बोटांचे आकडे छापलेली घ्या. सातव्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या खणात) उजव्या हाताचा दुसरा स्वर काही प्रतींत ‘ई’, काहींत ‘डी’ सापडेल. बाई वाजवतात तोच धरा.

पट्ट्यांची अडचण मात्र खरी आहे. शेवटाकडचा चढ ६१ पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या ‘सी’पलीकडे ‘ई’पर्यंत जातो. तिथे चढाचा शेवटचा गट एक सप्तक खाली वाजवावा लागतो. ७६ पट्ट्यांवर तो पूर्ण बसतो.

प्रश्न : व्हायोलिन-पियानोची शीट आहे. व्हायोलिनची ओळ बँडमधला मित्र क्लॅरिनेटवर वाजवतो, तर पियानोशी जुळतच नाही. वाचन दोघांचंही बरोबर आहे. – अमळनेर

उत्तर : वाचन बरोबरच आहे, वाद्याची पट्टी वेगळी. लग्नाच्या बँडमधला नेहमीचा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असतो. त्यावर कागदावरचा ‘सी’ वाजवला की पेटीची काळी पाच ऐकू येते, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. म्हणून त्याच्यासाठी सगळी ओळ एक पूर्ण स्वर वर चढवून लिहा: जी मेजरची ए मेजर होते, एफ मेजरची जी मेजर. बी फ्लॅट ट्रम्पेटलाही हाच कागद चालतो. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्याचा ‘सी’ म्हणजे काळी दोन, तोही खालच्या सप्तकातली, म्हणून त्याला जी मेजरचं ई मेजर करून द्यावं लागतं.

हाताने उतरवताना चूक होते ती ओळीत मधेच येणाऱ्या शार्प-फ्लॅट-नॅचरलच्या चिन्हांत. एफ मेजरमधला ‘बी नॅचरल’ चढवल्यावर ‘सी शार्प’ होतो. नॅचरलचं चिन्ह तसंच उतरवलं की तो स्वर हमखास बेसूर. म्यूझस्कोअर हे मोफत सॉफ्टवेअर वापरलंत तर व्हायोलिनची ओळ क्लॅरिनेटच्या ओळीत पेस्ट करा, बाकी ते करतं. छापण्याआधी ‘कॉन्सर्ट पिच’ (सगळ्या ओळी पियानोच्याच पट्टीत दाखवणारं बटण) बंद आहे ना, तेवढं बघा. ते चालू राहिलं तर पुन्हा पहिल्यासारखंच.

व्हायोलिनचा सर्वांत खालचा ‘जी’ क्लॅरिनेटला सहज निघतो. जिथे दोन तारा एकदम आहेत तिथे वरचा स्वर ठेवा, कारण धून बहुधा त्यातच असते. बोच्या (गजाच्या) खुणा खोडून श्वासासाठी स्वल्पविराम द्या. एका बोमध्ये बसणारी ओळ एका श्वासात बसेलच असं नाही.

प्रश्न : नेटवरून उतरवलेलं छापणं कायद्यात बसतं का? – शहादा

उत्तर : भारतात कॉपीराइटची ६० वर्षं रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. बाख, मोझार्ट, १९४५ साली वारलेला बार्टोक, सगळे मोकळे. शोस्ताकोविच १९७५ साली गेला, तेव्हा २०३५ संपेपर्यंत थांबा. रचना जुनी असली तरी त्यावरची नवी अरेंजमेंट (दुसऱ्याने केलेली मांडणी) मोकळी नसते, हे लोक विसरतात.

प्रश्न : झेरॉक्सवाल्याकडची प्रत बारीक येते आणि पंख्याखाली उडते. – भुसावळ

उत्तर : युरोपातली बरीच पुस्तकं ए-फोरपेक्षा मोठी असतात, साधारण २३ × ३१ सेंटीमीटर. ‘फिट’ करून छापलं की पानाबरोबर स्वर लिहायच्या पाच रेघाही आक्रसतात. आधी फाइलमधला कोरा समास कापा, मग छापा. पट्टीने मोजल्यास पाच रेघांची उंची ७ मिलिमीटरच्या आसपास हवी. तरीही बारीक आली तर ए-थ्रीवर काढा. कागद निदान १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) घ्या. नेहमीचा ७०-७५चा स्टँडवर वाकतो, मागची छपाईही दिसते. पानं जोडताना मधे दोन मिलिमीटर फट सोडून मागून चिकटपट्टी लावा, म्हणजे घडी नीट पडते. पाठपोट छापायचं असेल तर पुस्तकात डावीकडे असलेलं पान डावीकडेच यायला हवं. व्हायोलिनच्या पार्टमध्ये (फक्त व्हायोलिनची ओळ असलेल्या प्रतीत) पान उलटायच्या जागी मुद्दाम विराम ठेवलेला असतो, एक पान सरकलं की तो हुकतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात साध्या पीव्हीसी पिशवीत लेझर प्रिंट ठेवू नका. उष्णतेने शाई प्लास्टिकला चिकटते आणि पान काढताना स्वर पिशवीवर राहतात. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी मागा.