शेवंतीला कळ्या येत नसतील तर आधी रात्रीचा दिवा बघ
अगं, तुझ्या शेवंतीला कळ्या येत नाहीत म्हणून खत वाढवू का विचारतेस ना, तर वाढवू नकोस, पानं इतकी हिरवीगार आहेत म्हणजे नायट्रोजन (खतातला पानं वाढवणारा घटक) भरपूर झालंय. शेवंतीला कळ्या धरायला रात्र मोठी आणि काळोखी लागते, कुंडी दिव्याखाली असेल तर ती नुसती वाढतच राहते, माझी एक पूर्ण सीझन अशीच रुसली होती, जागा बदलली नि कळ्या आल्या. रोप ५-६ इंचांचं झालं की शेंडा खुड, जीवावर येतं माहितेय, पण त्यानेच फांद्या फुटतात. पाणी मुळाशीच. आणि बहर संपून झाड वाळल्यासारखं दिसलं तरी प्लीज उपटू नकोस! ३-४ इंच ठेवून छाट, बुडातून फुटवे येतील, तेच मुळांसकट वेगळे करून लाव.