कंपनीत शस्त्रबंदी असताना सहकारी शर्टाखाली पिस्तूल लावून येतो. हा गुन्हा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे टेक्सासातल्या डॅलसजवळच्या एका कंपनीत एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहेत. हँडबुकमध्ये शस्त्रांना मनाई लिहिलेली आहे, तरी शेजारच्या टीममधला एकजण कमरेला पिस्तूल लावून येतो. त्याचं म्हणणं, "माझ्याकडे परमिट आहे, मला कायद्याने कोणी अडवू शकत नाही." हे खरं आहे का, कंपनी काय करू शकते आणि आपण काय करायचं?

त्याचं पहिलं वाक्य खरं असेल. दुसरं चूक आहे.

अमेरिकेच्या घटनेतली शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी मालकाचे नाही. परमिट असणं (टेक्सासात त्याला एलटीसी म्हणतात) याचा अर्थ एवढाच, की रस्त्यावर पोलीस त्या कारणासाठी पकडणार नाहीत. दुसऱ्याच्या इमारतीत शिरायचा हक्क त्यातून मिळत नाही. तसं तर १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परमिटचीही गरज उरलेली नाही, आणि अशी राज्यं २०२४ पर्यंत २९ झाली. म्हणजे परमिटचा धाक कमी झाला, पण मालकाचा अधिकार होता तिथेच आहे. मोंटाना सोडलं तर बाकी सगळीकडे नोकरी 'अॅट विल' असते, म्हणजे मालक जवळपास कुठल्याही कारणाने काढू शकतो. धोरण मोडलं एवढं कारण काढून टाकायला पुरतं.

आता गुन्हा आहे का? टेक्सासात याचं उत्तर हँडबुकच्या शब्दांवर आणि दारावरच्या पाटीवर अवलंबून आहे. दंडसंहितेच्या कलम ३०.०६ प्रमाणे परवानाधारकाला लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करायची तर कायद्यात दिलेली वाक्यं जशीच्या तशी लिहावी लागतात. पाटी असेल तर ती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, उठून दिसणाऱ्या रंगात, अक्षरं किमान एक इंच उंच, आणि येणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी हवी. परवानाधारकाने उघडपणे शस्त्र बाळगण्यासाठी ३०.०७ची पाटी वेगळी, बिनपरवान्याच्या माणसासाठी ३०.०५ वेगळी. तीनही लावल्या तर काचेचा दरवाजा भरून जातो, म्हणून बऱ्याच कंपन्या पिस्तुलावर लाल काट मारलेलं चित्र चिकटवून मोकळ्या होतात. त्या चित्राने ३०.०६ची सूचना पुरी होत नाही.

हीच वाक्यं कार्डावर किंवा इतर कागदावर छापून हातात दिली तरी ती सूचना धरली जाते. म्हणून जाणकार वकील ३०.०६चा मजकूर हँडबुकमध्येच शब्दशः घालतो आणि त्याखाली सही घेतो. तुमच्या हँडबुकमध्ये तो परिच्छेद असेल तर तुमचा सहकारी रोज सकाळी क्लास सी मिसडिमीनर (सर्वांत हलक्या वर्गातला किरकोळ गुन्हा) करतोय, दंड २०० डॉलरपर्यंत. नुसतं "कामाच्या जागी शस्त्रं आणू नयेत" एवढंच असेल तर तो धोरणभंग आहे, गुन्हा बहुधा नाही. मात्र अधिकाराच्या माणसाने समोर उभं राहून "हे घेऊन बाहेर जा" म्हटलं आणि तो हलला नाही, तर प्रकरण 'क्लास ए' या सर्वांत गंभीर मिसडिमीनरवर जातं: एक वर्षापर्यंत कैद, ४,००० डॉलरपर्यंत दंड. शाळा, कोर्ट, आणि निम्म्याहून जास्त कमाई दारूवर असलेले बार इथे तर कंपनीचं धोरण काही म्हणो, मनाई कायद्यातच आहे.

ही पाट्यांची भानगड प्रत्येक राज्यात निराळी. इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांनी ठरवलेली चार बाय सहा इंचांची पाटी लागते. फ्लोरिडात खाजगी दुकानाच्या पाटीला स्वतःचं कायदेशीर वजन नाही. जायला सांगूनही माणूस गेला नाही तर अतिक्रमणाचा गुन्हा होतो.

पार्किंग लॉटचं गणित पूर्ण वेगळं आहे, आणि कंपन्या सर्वांत जास्त तिथेच फसतात. याची सुरुवात ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट गावच्या कागद कारखान्यातून झाली. १ ऑक्टोबर २००२ रोजी वेयरहाउझर कंपनीने अमली पदार्थ शोधायला पार्किंगमध्ये कुत्री फिरवली. सापडल्या बंदुका, कामगारांच्या ट्रकांमध्ये. त्या भागात शिकारीची बंदूक गाडीत असणं अगदी रोजचं. बाराजणांची नोकरी गेली, त्यात कंत्राटदारांची माणसंही होती. न्यायालयात कामगार हरले, पण विधिमंडळाने २००४ मध्ये कायदाच बदलला: बंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीला मालक मनाई करू शकणार नाही. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि २००९ मध्ये दहाव्या सर्किटने (त्या भागाच्या फेडरल अपील न्यायालयाने) कायदा कायम ठेवला. आज वीसहून जास्त राज्यांत असे कायदे आहेत. टेक्सासचा २०११ चा आहे. तिथे तुमच्या स्वतःच्या, कुलूप लावलेल्या गाडीतलं कायदेशीर शस्त्र कंपनी रोखू शकत नाही. कंपनीच्या मालकीची किंवा भाड्याची गाडी असेल तर रोखू शकते, आणि काही रसायन कारखाने व रिफायनऱ्यांना अटींसह सूट आहे. फ्लोरिडाचा २००८ चा कायदा आणखी पुढे जातो: गाडीत बंदूक आहे का, हे मालकाने विचारायचंसुद्धा नाही. मिसिसिपीत अशाच कारणावरून काढलेल्या कामगाराला कंपनीवर दावा लावता येतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. तरीही मुख्यालयात बसून कुणीतरी "इमारत, आवार आणि पार्किंगसह" असं एक वाक्य लिहितो आणि तेच पन्नास राज्यांत पाठवतो.

लोक धोका पत्करून का आणतात? भीती खोटी नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत कामावर ५,४८६ मृत्यू झाले, त्यांत ५२४ खून होते. रात्रपाळीचं दुकान, डिलिव्हरी, फार्मसी इथे लुटीची धास्ती असते. पण बंदूक वापरून वाचलात तरी नोकरी वाचेलच असं नाही. मिशिगनमध्ये २०११ साली वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीतल्या एका परवानाधारक फार्मासिस्टने रात्री शिरलेल्या दरोडेखोरांवर गोळ्या झाडल्या. कुणाला लागलं नाही, त्याच्यावर खटलाही झाला नाही, पण कंपनीने काढलं आणि २०१४ मध्ये सहाव्या सर्किटने कंपनीची बाजू मान्य केली. युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वॉलमार्टच्या खटल्यात उलट दिशेने थोडं दार उघडलं: जिवावर बेतलंय आणि मागे हटायला वाव नाही, अशा वेळी स्वसंरक्षण केलं म्हणून काढता येणार नाही. हे संरक्षण वापराला आहे, रोज बाळगण्याला नाही. रात्रीच्या दुकानांसाठी ओशाच्या (कामाच्या जागची सुरक्षा पाहणाऱ्या फेडरल संस्थेच्या) शिफारशी जास्त कामाच्या आहेत: गल्ल्यात कमी रोकड, टाकता येईल पण उघडता येणार नाही अशी तिजोरी, ती उघडता येत नाही हे सांगणारी पाटी, बाहेर भरपूर उजेड, रस्त्यावरून दिसणारं काउंटर.

२००५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या अभ्यासात शस्त्रांना परवानगी असलेल्या कामाच्या ठिकाणी खुनाची शक्यता पूर्ण मनाई असलेल्या ठिकाणांच्या सुमारे पाचपट आढळली. त्यावरचा आक्षेपही रास्त आहे: मुळात धोक्याच्या जागीच लोकांना परवानगी दिलेली असू शकते. माझ्या मते ऑफिसात खरी कटकट गोळीबाराची नसून विसराळूपणाची असते. सगळ्यात धोक्याची जागा स्वच्छतागृह. पँट खाली करताना पट्टा सैल होतो, होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) लोंबकळतं, माणूस पिस्तूल काढून कागदाच्या डब्यावर ठेवतो किंवा दाराच्या हुकाला ट्रिगरभोवतीच्या कड्याने (ट्रिगरगार्डने) अडकवतो. मग मीटिंगची आठवण होते आणि तो हात धुऊन निघून जातो. पुढचा माणूस कोण असेल, सांगता येत नाही. पिस्तूल होल्स्टरसकट पट्ट्यालाच राहिलं तर हा प्रकार होत नाही, पण रोज आठ तास खुर्चीत बसणारा माणूस कंटाळतो आणि ते बॅगेत किंवा खणात टाकतो. तिथे ट्रिगर झाकलेला नसेल तर गोळी सुटायला किल्ली किंवा पेन पुरतं.

आता तुमच्याबद्दल. त्याच्याशी स्वतः बोलायला जाऊ नका, शर्टाखालचा फोटो काढू नका, इतरांकडे चौकशीही नको. काय दिसलं ते तारीख, वेळ, जागा घालून लिहा: "मंगळवारी दुपारी प्रिंटरपाशी वाकताना उजव्या कमरेला काळं होल्स्टर आणि पिस्तुलाची मूठ दिसली." ऐकीव असेल तर ऐकीव असंच लिहा. हे एचआरला ईमेलने पाठवा, तोंडी नको, कारण पुढे "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहायला नको. माहीत असून गप्प बसलेली कंपनी काही घडल्यावर निष्काळजीपणाच्या दाव्यात सगळ्यात वाईट सापडते. धमकी किंवा "बघून घेईन" अशी भाषा असेल तर एचआर नंतर, आधी ९११ (आणीबाणीचा फोन). सुरक्षेची तक्रार केली म्हणून तुमच्यावरच सूड उगवला गेला तर ओशाकडे दाद मागायला फक्त ३० दिवस असतात. एच-१बीवाल्यांना नोकरी गेल्यावर नवी शोधायला किंवा देश सोडायला मिळणारे ६० दिवस पाठ असतात. हे ३० त्याच्या आत संपतात.

एचआरमधलं कुणी हे वाचत असेल तर: "बंदूक इथे जमा कर" असं चुकूनही म्हणू नका. मग भरलेलं पिस्तूल ऑफिसात बाहेर निघतं, कुणीतरी मॅगझीन काढतं आणि रिकामं समजून टेबलावर ठेवतं, चेंबरमधली (नळीत आधीच भरलेली) गोळी मात्र तशीच असते. होल्स्टरला हात न लावता, सुरक्षारक्षकाबरोबर त्याला गाडीपर्यंत न्या. बोलणी चालू असतानाच बॅज बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. माणूस तापट असेल तर पोलिसांना आधीच बोलावून ठेवा.

शेवटचा भाग फक्त व्हिसावाल्यांसाठी, आणि हाच तुम्हाला सर्वांत जास्त लागू आहे. फेडरल कायद्याप्रमाणे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवायची मनाई आहे. टेक्सासने परमिटची अट काढली याने इथे काही बदलत नाही. २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे आणि हद्दपारीचा प्रश्न वेगळाच. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही, पण नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आणि बायको अजून व्हिसावर असेल, तर घरातल्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली दोघांकडे असणं अडचणीचं ठरू शकतं. सहकाऱ्याने "जरा धर" म्हणून पिस्तूल पुढे केलं तर हात मागे घ्या. कायद्यात मुख्य अपवाद एक: कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. म्हणून टीम आउटिंग शूटिंग रेंजवर ठरली आणि तुम्हाला जायचंच असेल, तर आधी हे लायसन्स काढा, त्याची मुदत बघा, आणि ते हातात येईपर्यंत रेंजवर भाड्याची बंदूकसुद्धा उचलू नका.